ड्रमगिझ्मो वापरताना या चुका टाळा

लिनक्सवर आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमगिझ्मो हे ड्रम वाजवणारे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींमागे सॉफ्टवेअरचा दोष नसतो, घाई असते. किट, म्हणजे ड्रमसेटच्या ध्वनिमुद्रणांचा संच, निवडताच आवाज आला नाही म्हणून प्लगिन काढून टाकणारे अनेक जण भेटतात. सगळे सँपल (एकेका आघाताची ध्वनिमुद्रणे) मेमरीत येईपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी नसते. किटसोबत मिडीमॅपची फाइलही द्यावी लागते, कारण ३६ क्रमांकाची मिडी नोट (वाजवण्याची सूचना) किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, आणि ३८ क्रमांकाची स्नेअर या ड्रमची, हे प्लगिनला त्या फाइलमधूनच कळते.

सर्वाधिक नुकसान मात्र चॅनेल, म्हणजे एकेका माइकचा आवाज, सुटे समजण्याने होते. स्नेअरवरचा एक आघात किटभोवतीच्या सगळ्या माइकांनी एकाच वेळी टिपलेला असतो. एका परिचिताने प्रत्येक चॅनेल वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केला आणि लाटांची शिखरे नजरेने जुळवत प्रत्येक ट्रॅक पुढेमागे सरकवला. ओव्हरहेड (किटच्या वर लावलेला) माइक स्नेअरपासून एक मीटरवर असेल, तर त्यात आवाज सुमारे ३ मिलिसेकंदांनी, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला सुमारे १४० सँपलांनी, उशिरा पोहोचतो. हा उशीर त्याला चूक वाटला. परंतु टॉम या दुसऱ्या ड्रमच्या माइकमध्येही स्नेअर ऐकू येतो, त्यामुळे टॉमसाठी केलेल्या सरकवणीने स्नेअरचे गणित बिघडले आणि त्याचा भरीव आवाज पातळ झाला. मग तो सुधारायला इक्वलायझरवर (आवाजाचा पोत बदलणारे साधन) इक्वलायझर चढले. शेवटी आम्ही सगळी सरकवणी रद्द केली, आधी फक्त ओव्हरहेड ऐकले आणि नंतर किक व स्नेअर हळूहळू मिसळले, तेव्हा किट पुन्हा उभे राहिले.

मी स्वतः आर्डरच्या ‘फॅन आउट टू बसेस’ या सोयीने चॅनेल वेगळे करतो, मिश्रण मोनोमध्ये ऐकतो आणि पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटवून पाहतो; त्यापुढे वेळेला हात लावत नाही. ॲम्बियन्सचे चॅनेल ‘गोंगाट’ म्हणून बंद करणे मला अजिबात पटत नाही, कारण खोलीचा आवाज नको असेल तर एवढ्या माइकांचे किट घेण्यात अर्थच उरत नाही.

आवाज तुटत असेल, तर आर्डर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नये; आपल्या नेहमीच्या वापरकर्त्याला रिअलटाइम, म्हणजे ध्वनीच्या कामाला प्राधान्य देण्याची, परवानगी द्यावी आणि मिश्रणाच्या वेळी बफर (एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा) १०२४ सँपलांचा ठेवावा.

प्रत्येक नोटेची व्हेलॉसिटी (आघाताचा जोर) १२७, म्हणजे कमाल, ठेवणेही तितकेच वाईट, कारण मग ड्रमगिझ्मो सर्वांत जोरकस आघातांतूनच निवड करत राहतो आणि वादकाने हलक्या हाताने वाजवलेले सगळे सँपल डिस्कवर तसेच पडून राहतात.