मशिदीतलं भांडण मिटवायचंय? मग जुम्म्यानंतर उभं राहून घोषणा करू नका

कर्नाटकात बेळगावकडच्या चिकोडी, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातल्या बऱ्याच जमातींचे (एकेका मशिदीशी जोडलेल्या लोकांचे) वाद मिटवायला बसलोय, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी एकच सल्ला देतो की जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, सगळी माणसं असतात, तिथंच दोघांना उभं करून गळाभेट घ्यायला लावा. कृपा करून हे करू नका. मी केलंय एकदा. नमाज झाली, मी उठून दोघांची नावं घेतली, सगळी मशीद बघायली होती म्हणून दोघं गळ्यात पडले, आणि बाहेर चप्पल घालता घालता परत जुंपली. त्यातला एक पुढं सहा महिने दुसऱ्या गावाला जाऊन जुम्मा पढायचा. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिलं काम, जमातीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच दिवशी फक्त ॲडमिनच लिहू शकेल असा करा.

दुसरं, मध्यस्थीला बसणारे दोघं ठरवा. कुरआनातल्या सूरह निसाच्या 35व्या आयतीत नवरा-बायकोच्या वादासाठी दोन्हीकडचा एकेक पंच सांगितलाय, तीच रीत इथंही चालते. ग्रामपंचायतीला उभा राहणारा माणूस नको, आणि पेशइमामांना, म्हणजे नमाज पढवणाऱ्यांना, तर अजिबात ओढू नका. उद्या फजरला (पहाटेच्या नमाजला) दोघांनी त्यांच्याच मागं उभं राहायचंय. पगार कमिटी देते म्हणून इमामाला बाजू घ्यायला लावणं हा सरळ जुलूम आहे.

आता तिसरं, आणि इथंच सगळे घाई करतात. दोघांना एकत्र बसवायच्या आधी प्रत्येकाच्या घरी वेगवेगळं जायचं. फोनवर नाही, मशिदीच्या कट्ट्यावर नाही, घरी. एकदा जाऊन भागत नाही, निदान तीनदा. कारण पहिल्या भेटीत माणूस जे भांडण सांगतो ते बहुतेक वेळा खरं भांडण नसतंच.

संकेश्वरजवळच्या एका गावात मशिदीचं काम झालं, टाइल्स बसल्या आणि एक म्हातारे चाचा सेक्रेटरीवर उठले, पोरानं पैसे खाल्ले म्हणून. पोरगा प्रामाणिक, सगळी बिलं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. मी ती पिशवी घेऊन चाचांकडं गेलो, एकेक बिल दाखवलं, आणि प्रकरण मिटायचं सोडून दुप्पट पेटलं. तिसऱ्या खेपेला रिकाम्या हातानं गेलो. अंगणात मिरची पसरलेली, चाचा देठं काढत बसलेले, मीपण बसलो देठं काढायला. डोळ्यातनं पाणी, बोटांची आग, दीड-दोन तास कुणी मशिदीचं नावच काढलं नाही. मग खाली बघतच म्हणाले, वजूखान्याच्या (नमाजआधी हातपाय धुवायच्या जागेच्या) भिंतीत माझ्या बापाच्या नावाची फरशी होती, ती फोडून रेतीत टाकली, मला विचारलं पण नाही. एवढंच होतं. सेक्रेटरीला विचारलं तर त्याला पत्ताच नव्हता, पोरगा कन्नड शाळेत शिकलेला, फरशीवरचं उर्दू त्याला वाचता येत नव्हतं!

तेव्हापासून मी कागद घेऊन जात नाही. "तुम्हाला काय पाहिजे" असंही विचारत नाही, "हे कधीपासून चाललंय" असं विचारतो. त्या प्रश्नाला माणूस मागं जातो आणि खरी गोष्ट निघते.

अशा वेगळ्या बैठकांना काही जण गीबत, म्हणजे पाठीमागं निंदा, म्हणतात. कुरआनातच आहे की लोकांच्या बहुतेक कानगोष्टीत भलाई नसते, पण सदका (दान), नेकी किंवा लोकांमधली सुलह (समेट) यासाठी असेल तर गोष्ट वेगळी (सूरह निसा, आयत 114). मात्र समोरचा दुसऱ्याच्या घरातलं, पोरीबाळींचं काढायला लागला की तिथंच थांबवायचं, ती मात्र गीबत. आणि इकडचं तिकडं नेताना चांगलं तेवढंच न्या. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) दोन्ही संग्रहांत हदीस आहे की सुलह करण्यासाठी भली गोष्ट पोचवणारा खोटारडा नाही. "तो तुमच्याबद्दल असं बोलला" हे वाक्य तोंडातनं गेलं की तुमची तीन आठवड्यांची मेहनत गेली.

चौथं, भांडण पैशाचं नसलं तरी हिशोब मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडं रजिस्टर उर्दूत, लाइट बिल कन्नडात आणि माणसं बोलतात मराठी, त्यामुळं भिंतीवर कागद चिकटवून कुणालाच काही कळत नाही.

मग एकत्र बैठक. इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर), तिसऱ्याच्याच घरी, सहाच्या वर माणसं नकोत. तोडग्यात दोघांचा हात पाहिजे. नबुव्वतच्या (पैगंबरी मिळायच्या) आधी मक्केत काबाची बांधणी चालू असताना हजरे अस्वद, म्हणजे तिथला पवित्र काळा दगड, कोण बसवणार यावरनं कुरैश टोळीत तलवारी निघायची वेळ आली होती, तेव्हा पैगंबर हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी चादर अंथरून दगड त्यावर ठेवला आणि प्रत्येक कबिल्याच्या माणसाला चादर धरून उचलायला लावली. आम्हीपण तसंच केलं, मजकूर चाचांनी सांगितला, फरशी सेक्रेटरीनं करून आणली, वर उर्दू, खाली मराठी. ठरलं ते लिहून दोन प्रती करा, सह्या घ्या.

काही गोष्टी आपल्या नाहीतच. मारामारी झाली तर पोलीस. वक्फच्या (धर्मकार्याला दिलेल्या) मिळकतीचा किंवा ती सांभाळणाऱ्या मुतवल्लीचा वाद असेल तर वक्फ बोर्ड, आणि तिथं नाही सुटलं तर 1995च्या कायद्यातलं वक्फ ट्रिब्युनल, जाताना कन्नड नीट येणारा माणूस बरोबर घ्या. रमजानमधल्या रात्रीच्या तरावीह नमाजच्या रकात 8 की 20 यावर हात वर करून मतदान घ्यायचं नाही, त्या मशिदीत आधीपासून जे चालत आलंय तेच चालू द्या.

मुसलमान भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरणं जायज नाही, आणि दोघांत जो आधी सलाम करतो तो चांगला, असं हदीसमध्ये आहे. म्हणून बैठकीनंतर चौथ्या दिवशी फजरला जा आणि दोघं एकमेकांना सलाम करायलेत का बघा. नसतील तर परत घरी जायचं, एकट्यानं, कागद न घेता.