वर्म गिअरबॉक्सचं तेल: लोहचुंबकावर विसंबू नका

कन्व्हेयर किंवा मिक्सरच्या वर्म गिअरबॉक्समध्ये उरलेलं कुठलंही गिअर ऑईल ओतायची सवय अनेक वर्कशॉपमध्ये आहे. ती मोडा. साध्या हेलिकल (तिरक्या दातांच्या) गिअरचे दात मुख्यतः एकमेकांवर लोळतात, त्यामुळे एका जोडीत जेमतेम 1-2 टक्के शक्ती वाया जाते. वर्ममध्ये मात्र पोलादी स्क्रू ब्राँझच्या चाकावर सतत घासत असतो. 60:1 सारख्या मोठ्या रेशोला (स्क्रूच्या 60 फेऱ्यांना चाकाची एक) निम्मी शक्तीसुद्धा उष्णतेत जाऊ शकते. म्हणून बॉक्स हात ठेववत नाही इतका तापला, तर लगेच घाबरायचं कारण नाही. रोजच्यापेक्षा जास्त तापला तर मात्र बघा.

तेल जाड लागतं, बहुतेकदा 320 किंवा 460 ग्रेडचं (आकडा मोठा तितकं तेल जाड). नक्की कोणतं ते नेमप्लेटवर किंवा माहितीपुस्तिकेत असतं. गाडीच्या डिफरन्शियलचं जीएल-5 ऑईल टाळा. त्यातलं सक्रिय गंधक गरम ब्राँझला खातं.

तेल काढताना थोडं पांढऱ्या बशीत घ्या आणि उन्हात तिरकं धरा. सोनेरी चकाकी दिसली, तर ते झिजलेलं ब्राँझ. नव्या बॉक्सच्या पहिल्या तेलात ती दिसणारच, कारण चाक स्क्रूवर बसत असतं. पुढच्या बदलीतही तितकीच दिसली, तर झाकण उघडून दात तपासा. ड्रेन प्लगचं (तेल काढायच्या बुचाचं) लोहचुंबक इथे कामाचं नाही, ब्राँझ त्याला चिकटतच नाही. आमच्याकडे प्लग लख्ख होता, आणि चाकाचे दात सुरीसारखे पातळ झालेले.