पेठच्या शाळेत निघण्याआधी: मल्टीबूट पेनड्राइव्हची तयारी

जिल्हा परिषदेच्या शाळेतले जुने कॉम्प्युटर नीट करायला निघायचं असेल तर मल्टीबूट पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करून अनेकांपैकी हवी ती सिस्टिम चढवता येते तो, जवळ हवा, आणि तिथे नेट नाही असं धरूनच चालावं. नाशिक सोडून पेठ रस्त्याला लागलं, सावळघाट मागे पडला की मोबाइलची रेंज येते-जाते, आणि पावसाळ्यात विजेचंही तेच. तेव्हा ‘ती फाइल तिथे गेल्यावर उतरवू’ हा विचारच सोडून द्यायचा. शाळेत मशीन सुरू केलं आणि पडदा काळाच राहिला, तर दोष बहुतेक वेळा चौघांपैकी एकाचा असतो: पेनड्राइव्हचा, त्यातल्या आयएसओ फाइलचा (जिच्यात अख्खी सिस्टिम असते), मशीनच्या बायोसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) किंवा मशीनच्या डिस्कचा. पहिल्या दोघांना नाशिकमध्येच तपासून मोकळं करायचं, म्हणजे शाळेत डोकं फक्त उरलेल्या दोघांवर खर्च होतं. खाली लिहिलेली सगळी तयारी त्यासाठीच आहे.

सुरुवात पेनड्राइव्हपासून नाही, फोनपासून होते. मशीनं अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कंपनीने दिलेली असतील तर ती टेंपोत चढण्याआधी तिथल्या आयटीवाल्याला गाठा आणि बायोसला पासवर्ड आहे का ते विचारा. ऑफिसच्या मशीनला तो बऱ्याचदा असतो. एकदा मशीन शाळेत पोचलं की तो पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि मग तो पुसण्यासाठी मदरबोर्डवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) शोधत बसावं लागतं. सोबत मॉडेल, प्रोसेसर आणि रॅम लिहून घ्या. कुठली सिस्टिम न्यायची ते यावरच ठरतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला कागदोपत्री टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तपासणी चुकवून ते चढवण्याच्या युक्त्या आहेत, पण कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर त्याही चालत नाहीत. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना नसेल तर विंडोज सुरूच होत नाही, आणि कोअर टू ड्युओत ती नाही. अशा मशीनवर विंडोजचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे लिनक्स बरं: ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, त्याहून कमी असेल तर अँटीएक्स हे आणखी हलकं लिनक्स. एखादं मशीन खरोखरच ३२ बिटचं निघालं तर अँटीएक्सची ३२ बिट फाइल जवळ हवी, कारण लिनक्सच्याच प्रकारांपैकी उबंटूने ३२ बिट केव्हाच सोडलं आणि डेबियन १३ नेही ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

पेनड्राइव्ह दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे, प्रत्येकी ६४ जीबीचे. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर जाते, उबंटू २४.०४ ची ६ जीबीच्या आसपास आणि मिंटची साधारण ३. त्यात ड्रायव्हर आणि वाचवलेला डेटा आला की ३२ जीबी अपुरे पडू लागतात. एम.जी. रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, घरी आल्यावर आधी खरी जागा तपासणारा एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम चालवा, लिनक्सवर असाल तर एफ३. बनावट पेनड्राइव्ह ६४ जीबी दाखवतो आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं गुपचूप खराब लिहितो. त्यावरच्या पहिल्या दोन फाइली छान चालतात आणि तिसरी अर्ध्यात मोडते, म्हणून माणूस तिसऱ्या फाइलवर संशय घेत बसतो. एक जुना यूएसबी २.० पेनड्राइव्हही बॅगेत असू द्या. काही जुने बोर्ड बूटच्या वेळी यूएसबी ३ शी नीट बोलत नाहीत.

आता प्रत्यक्ष बनवणं, जे सगळ्यात सोपं. एकच सिस्टिम न्यायची असेल तर रुफस हा प्रोग्रॅम पुरतो. अनेक न्यायच्या असतील तर व्हेंटॉय. त्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा गिटहबवरून घ्या, विंडोजवर व्हेंटॉय२डिस्क उघडा, यादीतून पेनड्राइव्ह निवडा आणि इन्स्टॉल दाबा. ते दोनदा विचारतं, आणि दोन्ही वेळा आकार वाचूनच हो म्हणायचं, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाणार असतं. शेजारी डेटाची बाहेरची डिस्क लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. पार्टिशनचा (पेनड्राइव्हचे भाग पाडण्याचा) प्रकार एमबीआरच असू द्या. तो जुन्या बायोसवरही चालतो आणि त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयवरही. झाल्यावर दोन भाग दिसतात: एक मोठा, एक्सफॅट या फाइलींच्या मांडणीतला, आणि दुसरा ३२ एमबीचा, व्हीटीओवायईएफआय नावाचा. दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिल्यात आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, मेनू आपोआप तयार होतो. मोठा भाग एक्सफॅटमध्ये आहे हे बरंच आहे, कारण फॅट३२ या जुन्या मांडणीवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची आयएसओ तिथेच अडते. फाइलींची नावं इंग्रजीत, लहान आणि मधे मोकळी जागा न सोडता ठेवा.

आयएसओ फक्त मूळ ठिकाणाहून घ्यायची. ओळखीतून फिरणारी ‘ऑल इन वन, ॲक्टिव्हेटेड’ विंडोज शाळेत नेऊ नका. तिच्यात काय घातलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. डाउनलोड झाल्यावर एसएचए२५६ चा आकडा (फाइलवरून काढलेली तिची ओळखखूण) मूळ ठिकाणी दिलेल्या आकड्याशी जुळवा: विंडोजवर सर्टयूटिल, लिनक्सवर एसएचए२५६सम. इथवर बरेच जण करतात. पण फाइल पेनड्राइव्हवर गेल्यावर तो आकडा पुन्हा काढायला हवा, आणि तोही पेनड्राइव्ह इजेक्ट करून, काढून, परत लावल्यावर. नाहीतर कॉम्प्युटर रॅममध्ये उरलेली चांगली प्रत वाचून आकडा बरोबर दाखवतो आणि पेनड्राइव्हवर मात्र खराब फाइल असते. शाळेत शंका आलीच तर व्हेंटॉयच्या मेनूत फाइलवर उभं राहून एम दाबलं की तिथल्या तिथे आकडा काढता येतो. त्यासाठी खरे आकडे एका कागदावर लिहून बॅगेत ठेवा.

पेनड्राइव्हवर आयएसओंशिवाय एक वेगळं फोल्डर करा. त्यात लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हर ठेवा, आणि अकराव्या पिढीपासूनचे इंटेल लॅपटॉप समोर येणार असतील तर व्हीएमडीचा ड्रायव्हरही (त्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही), पण उलगडून, म्हणजे आत आयएनएफ फाइल दिसेल असा. नुसती ईएक्सई विंडोजच्या इन्स्टॉलरला उपयोगाची नाही. जीपार्टेड लाइव्ह (पार्टिशनसाठी), क्लोनझिला (डिस्कची प्रत काढायला) आणि मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायला) यांच्या फाइली लहान असतात, त्या घेऊनच ठेवा. मराठीसाठी युनिकोड फाँट आणि लिब्रेऑफिसचा मराठी भाषापॅक आधीच उतरवून घ्या.

शाळेच्या ऑफिसचं मशीन पुसायचं असेल तर थोडं थांबा. जुने दाखले, पगारपत्रकं, शासनाला गेलेली पत्रं बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या. वर्डच्या फाइली उचलल्या आणि फाँट राहिला, तर नव्या सिस्टिमवर ते सगळं इंग्रजी अक्षरांचा गिचमिड खच होऊन उघडतं आणि मुख्याध्यापकांना तुमच्यामुळे रेकॉर्ड गेलं असं वाटणं साहजिक आहे. म्हणून डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपबरोबर विंडोजमधलं फाँट्स फोल्डरही कॉपी करा. श्रीलिपीचा डाँगल (कॉम्प्युटरला लावायची चावी) किंवा लायसन कुठे आहे ते सरांना विचारा, आणि प्रिंटरचं मॉडेल लिहून घ्या. ऑफिसमध्ये नवा लॅपटॉप असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते बायोसला हात लावण्याआधी बघा. सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हातात घ्या. सिक्युअर बूट (मान्यता असलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) बदलल्यावर मशीन तीच मागतं, आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असते ते बदलून गेलेल्या एखाद्या शिक्षकाचं निघू शकतं. एका डिस्कवर डेटा आणि दुसऱ्यावर इन्स्टॉल असं असेल तर डेटाच्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सरळ उपसून ठेवा. इन्स्टॉलरच्या यादीत डोळ्यांत तेल घालून निवडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

निघण्याआधी दोन्ही पेनड्राइव्ह दोन प्रकारच्या मशीनवर चालवून बघा: एक सिक्युअर बूटवाला नवा लॅपटॉप आणि एक जुना, लेगसी (म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या) बायोसचा डेस्कटॉप. प्रत्येक आयएसओ निदान पहिल्या पडद्यापर्यंत न्या. बूट मेनूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीची, कळ डेल आणि लेनोव्होत एफ१२, एचपीत एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयच्या बोर्डावर एफ११. एसरमध्येही एफ१२ आहे, पण तो मेनू बायोसमध्ये आधी चालू करावा लागू शकतो. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे मशीन पूर्ण बंद होतच नाही. नव्या लॅपटॉपवर ‘व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पुढच्या निळ्या पडद्यावर एनरोल की फ्रॉम डिस्क निवडा, व्हीटीओवायईएफआयमध्ये शिरा, तिथली एकच सीईआर फाइल घ्या आणि रीबूट करा. हे दर मशीनला एकदाच. घरी एकदा केलेलं असलं की शाळेत हात अडखळत नाही.

एवढं झालं असेल तर शाळेत दिसणाऱ्या अडचणी लवकर ओळखता येतात. बूट मेनूत पेनड्राइव्हच नाही? पुढचा पोर्ट सोडून मागच्या पोर्टला लावा, बायोसमधलं फास्ट बूट बंद करा. व्हेंटॉयचा मेनू आला पण फाइल निवडल्यावर काळोख? त्याच फाइलवर व्हेंटॉयमधला ग्रब२ मोड (सुरू करण्याची पर्यायी पद्धत) करून बघा, विंडोज असेल तर विमबूट मोड. लिनक्सचा पडदा काळा पडत असेल तर मेनूत ई दाबून ‘linux’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा. विंडोज ‘मीडिया ड्रायव्हर हवा’ म्हणत असेल तर ड्रायव्हर शोधू नका. ही बहुतेक वेळा पोर्टची किंवा खराब फाइलची तक्रार असते, आणि फाइल तुम्ही तपासलेली आहे, तेव्हा पोर्ट बदला. डिस्कच दिसत नसेल तर लोड ड्रायव्हरमधून तो व्हीएमडीचा फोल्डर दाखवा. ‘एमबीआर पार्टिशन टेबल’ म्हणून अडत असेल तर पेनड्राइव्ह यूईएफआयमधून सुरू झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. डेटा उचललेला असेल तर डिस्कची सगळी पार्टिशनं काढून मोकळ्या जागेवर इन्स्टॉल करा, नसेल तर लेगसीमधून पुन्हा बूट करा.

बॅगेत वायरचा कीबोर्ड आणि माउस टाका, बायोसमध्ये ब्लूटूथवाला चालणार नाही. स्टार स्क्रू ड्रायव्हर, मदरबोर्डवर बसणारे सीआर२०३२ चे चार-पाच सेल, साटा केबल, व्हीजीए केबल, रंगाचा ब्रश, एक्स्टेंशन बोर्ड. सेल संपलेलं मशीन तारीख कुठल्या कुठे मागे नेतं आणि मग नेट मिळालं तरी सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. आणि खोडरबर. महिनोन्‌महिने बंद असलेल्या मशीनची रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरने घासली की निम्मी ‘मेलेली’ मशीनं उठतात, हे कुठल्याही दुकानातला पोरगा सांगेल.

शाळेत आदल्या दिवशी फोन करून इन्व्हर्टर चार्ज ठेवायला सांगा. इन्स्टॉल अर्ध्यात असताना वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. आणि व्हेंटॉयची नवी आवृत्ती आल्याचं त्याच संध्याकाळी दिसलं तर तो मोह टाळा. अपडेट केल्याने फाइली जात नाहीत हे खरं, पण ज्या पेनड्राइव्हवर दोन मशीनं उठवून पाहिलीत तो मग तुम्ही तपासलेला राहत नाही. अपडेट परत आल्यावर, सवडीने.