दुखतंय हे तो शब्दांत सांगणार नाही: बौद्धिक अक्षम व्यक्तीची तब्येत घरच्यांनी कशी सांभाळावी

माझा धाकटा भाऊ अडतीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असल्याने आलेली बौद्धिक अक्षमता. चार वर्षांपूर्वी तो अचानक स्वतःच्या गालावर बुक्क्या मारू लागला. रात्री झोपेना, पुढ्यातलं ताट सरकवून द्यायला लागला. दवाखान्यात नेलं तर "अशा मुलांमध्ये असं होतं" म्हणून त्याच्या गोळ्यांचा डोस वाढवला. तीन महिने तो दिवसभर पेंगायचा आणि जाग आली की पुन्हा त्याच गालावर मारायचा. शेवटी एका दंतवैद्यांनी तोंड उघडून पाहिलं. खालची दाढ किडून मुळाशी पू धरला होता. दाढ काढली आणि आठवड्याभरात मारणं थांबलं. तीन महिने तो दुखरी जागा हाताने दाखवत होता आणि घरातल्या चार शहाण्या माणसांना ती दिसली नव्हती.

नवीन लक्षण दिसलं की ते अक्षमतेच्या खात्यावर टाकायचं आणि मोकळं व्हायचं, ही चूक डॉक्टर करतात आणि आपणही करतो. तिची किंमत मोठी आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या मृत्यूंची सविस्तर चौकशी झाली. त्यात असं दिसलं की असे पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी जातात. निदानाला उशीर, उपचाराला उशीर, घरच्यांचं म्हणणं कानाआड करणं ही कारणं त्यात पुन्हा पुन्हा आली. तिथे १४ वर्षांच्या पुढे दरवर्षी आरोग्य तपासणीची सोय आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतात, पण ती सोय १८ व्या वर्षापर्यंतच. त्यानंतरची व्यवस्था आपणच लावायची. ती कशी, हे आमच्या घरातल्या अनुभवातून लिहिते आहे.

पहिलं काम: एक पानाची माहिती

माणूस बरा असताना कसा असतो हे कागदावर नसेल, तर आजारी पडल्यावर काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. आईला सगळं तोंडपाठ असतं, पण आई नेमकी तेव्हा गावाला गेलेली असते. म्हणून एक पान लिहा, एकच. लांबलचक फाइल कुणी वाचत नाही.

वर नाव, वय, रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे. मग चालू औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कशासाठी. फिट येत असतील तर कशा येतात आणि किती वेळ टिकतात. त्याखाली नेहमीचं वजन, झोप, भूक, चालणं, शौचाला किती दिवसांनी होतं. आणि मग सगळ्यात मोलाचा भाग: "हो" कसं सांगतो, "नको" कसं सांगतो, दुखलं की काय करतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो. माझ्या भावाच्या पानावर लिहिलंय, "दुखत असेल तर बोलणं पूर्ण बंद करतो. पांढऱ्या कोटाला घाबरतो. हातात किल्ल्यांचा जुडगा दिला की बसून राहतो." या तीन ओळींनी आम्हाला दवाखान्यात जेवढी मदत केली तेवढी जाड फायलीने कधी केली नाही.

पानाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा, एक प्रत शाळेत किंवा कार्यशाळेत द्या. औषध बदललं की पान बदला.

वागणं बदललं की आधी शरीर तपासा

चिडचिड, चावणं, डोकं आपटणं, कपडे काढणं, कोपऱ्यात बसून राहणं. यातलं काहीही नव्याने सुरू झालं, तर शरीरात काही नाही याची खात्री होईपर्यंत त्याला "हट्ट" किंवा "स्वभाव" म्हणू नका. मनाचं कारण असूच शकतं. घरातली आजी गेली, आवडत्या बाईंची बदली झाली, बहिणीचं लग्न झालं, तर यांनाही तेवढंच दुःख होतं आणि ते सहसा कुणी विचारत नाही. पण तपासताना क्रम शरीरापासून धरा.

डोकं आपटत असेल किंवा कानावर मारत असेल तर कान आणि दात पाहा. कानात घट्ट बसलेला मळ ही अगदी साधी गोष्ट ऐकू येणं कमी करते आणि दुखतेही. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या, घरी काडी घालू नका. वारंवार लघवी किंवा कपडे ओले होणं सुरू झालं तर लघवीची तपासणी आणि साखर. मुलीचं वागणं महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच बिघडत असेल तर पाळीच्या तारखा लिहून ताडून पाहा. नवं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर बदल झाला का, हेही तारखांवरूनच कळतं.

पोटाबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण बद्धकोष्ठ हा किरकोळ विषय वाटतो आणि त्यापायी माणसं दगावलेली आहेत. पाणी कमी, हालचाल कमी, स्नायू ढिले, त्यात फिटच्या, मानसिक आजाराच्या किंवा लोहाच्या काही गोळ्या. हे सगळं एकत्र आलं की आतड्यात मळाचे खडे होतात. मग त्या खड्यांच्या बाजूने पातळ मळ झिरपतो आणि कपड्याला लागतो. घरचे म्हणतात जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायचं औषध देतात! नेमकं उलटं होतं. म्हणून कॅलेंडरवर शौचाची खूण करत जा. तीन दिवस खूण नसेल तर डॉक्टरांना विचारा. पोट फुगून कडक झालं, उलटी होते आहे, जेवण बंद आहे, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका.

वर्षातून एकदा, दुखत नसतानाही

वाढदिवसाचा महिना ठरवून टाका, म्हणजे विसरत नाही. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, डोळे, कान, दात एवढं प्रत्येकाचं. दात वर्षातून दोनदा पाहिले तर उत्तम. "याला कुठे वाचायचंय" म्हणून चष्मा न लावलेली माणसं मी पाहिली आहेत. पायरी दिसत नाही म्हणून जिना उतरायला घाबरणाऱ्याला सगळे हट्टी म्हणत होते.

डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी हवीच. वजन वाढणं, मंदपणा, केस गळणं, बद्धकोष्ठ हे सगळं "त्याचं असंच असतं" म्हणून सोडलं जातं आणि निघतो थायरॉइड. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. लहानपणी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर मोठेपणीही एकदा करून घ्या. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं डॉक्टरांना सांगा. मान दुखणं, चाल अचानक बदलणं, लघवीवरचा ताबा जाणं असं दिसलं तर मानेच्या मणक्यांचा प्रश्न असू शकतो, तेव्हा लगेच दाखवा. चाळिशीनंतर विसरभोळेपणा वाढला तर अल्झायमरचा धोका यांना लवकर असतो हे खरं, पण ते नाव ऐकून हात टेकण्याआधी थायरॉइड, बी-१२, ऐकू येणं आणि उदासी या चार गोष्टी तपासून घ्या. त्या बऱ्या होण्यासारख्या असतात.

फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यासाठी लागणाऱ्या रक्ततपासण्या आणि हाडांची मजबुती याबद्दल विचारा. फेनिटॉइन ही फिटची गोळी घेणाऱ्यांच्या हिरड्या फुगू शकतात, त्यांना दात घासायला जास्त वेळ द्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. रिस्पेरिडोनसारखं औषध वागण्यासाठी दिलेलं असेल तर वजन आणि साखर वाढू शकते, मुलींची पाळी थांबू शकते. ते कशासाठी सुरू केलं होतं आणि अजून लागतं आहे का, हा प्रश्न वर्षातून एकदा तरी विचाराच. आपणहून मात्र एकही गोळी बंद करू नका.

दवाखान्याची तालीम

अनोळखी जागा, वास, रांग, त्यात सुई. एकदा धरून-बांधून रक्त काढलं की पुढची दहा वर्षं तो माणूस त्या दारात पाऊल टाकत नाही. म्हणून पहिली फेरी काहीही न करता घालवा. जा, बाकावर बसा, परिचारिकेला नमस्कार करा, घरी या. दुसऱ्या फेरीला फक्त वजन. मोबाईलवर दवाखान्याचे, खुर्चीचे, रक्तदाबाच्या पट्ट्याचे फोटो घ्या आणि आदल्या रात्री क्रमाने दाखवा. घरी दंडाला ओढणी गुंडाळून पट्ट्याचा खेळ खेळा. आधी फोन करून दिवसातली पहिली वेळ मागा. रक्त घ्यायचं असेल तर त्वचा बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावता येतं. भूल देऊन काही करायचं ठरलंच, तर त्याच भुलेत दातांची सफाई, कान, रक्त असं काय काय उरकता येईल ते आधीच विचारा.

डॉक्टरांसमोर

आपण बोलतो, डॉक्टर आपल्याशी बोलतात आणि तो मधल्या खुर्चीवर सामानासारखा बसतो. हे आपल्यापासून बदलायचं. "दादा, डॉक्टरांना दाखव कुठे दुखतं" असं त्याला विचारा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा. उत्तर उशिरा येतं, पण बऱ्याचदा येतं.

पान पुढे करा, कधीपासून काय बदललं ते तारखांसह सांगा. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवा, कारण दवाखान्यात तो तसं वागेलच असं नाही. आणि "यांच्यात असं असतंच" हे वाक्य आलं, तर शांतपणे एवढंच विचारा: "हीच लक्षणं माझ्या दुसऱ्या भावाला असती, तर तुम्ही कोणती तपासणी सांगितली असती?" मी हा प्रश्न आजवर तीनदा विचारला आहे, तिन्ही वेळा तपासणी लिहून मिळाली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये अडथळाविरहित रुग्णालयं आणि तपासणीत प्राधान्य या गोष्टी आहेत. रांगेत हे सांगायला संकोच करू नका.

जेवण

झोपवून भरवू नका. पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच. जेवताना खोकला, पाणी पिताना ठसका, ओलसर घरघरता आवाज, वारंवार छाती भरणं ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची खूण असू शकते. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, हे फार जणांना माहीत नसतं.

मुली आणि बायका

१९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, पाळीची स्वच्छता जमत नाही या कारणाने. तेव्हा महाराष्ट्रभर निषेध झाला. आजही थकलेल्या आयांना हा सल्ला मिळतो. त्या आयांना दोष देण्याचं माझ्या मनात नाही, त्यांच्या मदतीला कुणी नसतं. पण मूल होण्याची क्षमता घालवणारी कोणतीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही, असं २०१६ च्या कायद्याचं कलम १० सांगतं. पाळी शिकवता येते. बाहुलीवर पॅड लावून, रोज त्याच जागी ठेवून, महिनोन्महिने. रक्तस्राव जास्त असेल, दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यावर औषधं आहेत. खासगी अवयवांची खरी नावं शिकवा, म्हणजे कुणी हात लावला तर सांगायला शब्द असतील.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, नाव घालताना वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि ओपीडी, औषधं, थेरपी यांचाही खर्च मर्यादेत मिळतो. न्यासाकडे नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेतून अर्ज होतो. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेच नेमकं राहून जातं.

वय १८ झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी संमतीचा प्रश्न उभा राहण्याआधी याची चौकशी करून ठेवा.

त्याचं काम त्याला द्या

वजन, खुणा, ब्रश यातलं जे जमेल ते त्यालाच करू द्या. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी काटा बाहेर निघतो. भाऊ चपला काढून त्यावर उभा राहतो, आकडा मी वाचते, आणि तो कॅलेंडरवर लिहितो. ७ उलटा काढतो, पण रविवार एकदाही चुकवलेला नाही. मागच्या महिन्यात मीच विसरले होते. त्याने काटा आणून माझ्यासमोर ठेवला.