मृगापासून येळवशीपर्यंत: मराठवाड्यात घोडे, जनावरं आणि शिवाराचे फोटो कसे काढावेत

मराठवाड्यात जनावरांचे फोटो काढायचे असतील तर कॅमेऱ्याच्या आधी पंचांग उघडा. मृगात तिफणीला जुंपलेला बैल श्रावण अमावस्येला रंगवलेल्या शिंगांनी मारुतीपुढे उभा असतो आणि दसऱ्यानंतर कदाचित ऊसतोडीच्या गाडीला. घोडा एरवी एखाद्याच दारात दिसतो, पण मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत माळावर रांगाच्या रांगा लागतात. कोणतं जनावर कोणत्या महिन्यात काय करतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला साध्या मोबाइलवरही चांगले फोटो मिळतात. ठाऊक नसेल तर महागडी लेन्स घेऊनही गोठ्यात बांधलेली गायच मिळते.

पहिली पायरी: तारखा लिहून ठेवा

७ जूनच्या सुमारास मृग निघतो आणि पाऊस झाला की पेरण्या सुरू होतात. श्रावण अमावस्येला पोळा, त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. दसरा-दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते, आणि लागूनच येणारी अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या, आपली येळवस. पौष-माघात ज्वारीचा हुरडा. अधिक मास आला की या तारखा इंग्रजी कॅलेंडरवर चांगल्याच सरकतात, म्हणून दरवर्षी नव्यानं बघा. शिवाय आपल्या भागातला जनावरांचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो तेही विचारून ठेवा. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार एकदा तरी पहाटे गाठावा.

दुसरी पायरी: कॅमेऱ्याची जुजबी तयारी

कॅमेरा असेल तर ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स या कामाला पुरते. फोकस सतत हलत्या वस्तूवर राहील असा, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो, ठेवा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाप्रमाणे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. मोबाइल असेल तर जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढू नका. घोड्याचं नाक भोपळ्याएवढं आणि कान चिमुकले दिसतात. चार पावलं मागं सरकून दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा. फ्लॅश कायम बंद. अंगावर अचानक लखकन उजेड पडला तर घोडा उधळू शकतो, आणि दावणीला शेजारी लहान लेकरं असतात.

तिसरी पायरी: आधी मालक, मग जनावर

“मामा, घोडं लय देखणं हाय. एक फोटो काढू का?” एवढं विचारलं की मालक स्वतःच आयाळ नीट करून देतो. वय किती, कुठून आणलं, चाल कोणती शिकवली, हे विचारा आणि मनापासून ऐका. बोलणं चालू असतं तोवर घोडाही तुमच्या वासाला आणि आवाजाला सरावतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त अगदी मागचं आणि कपाळाच्या थेट पुढचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही आणि सरळ तोंडावरही जायचं नाही. तिरकं, खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. कान तुमच्याकडे वळलेले असतील तर तो ऐकतोय. कान मागं मानेला चिकटवले की फोटो राहू द्या आणि बाजूला व्हा. बैलाचंही तसंच. मान खाली घालून फुसकारायला लागला तर त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.

चौथी पायरी: उभ्या घोड्याचा फोटो

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घोडा सपाट जागी उभा करायला सांगा. त्याच्या मागं विजेचा खांब, पाण्याची टाकी किंवा टेम्पो नको. खांब नेमका पाठीतून उगवल्यासारखा दिसतो. कॅमेरा घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर धरा, त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागलं तर बसा. उभ्यानं काढला की पाय आखूड दिसतात. बाजूनं काढताना चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, म्हणून मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, घोडा एक पाऊल पुढं-मागं घ्यायला सांगा. मान किंचित उचललेली आणि कान पुढं हवेत. त्यासाठी जोडीदाराला थोडं लांब उभं करून मूठभर कडबा चुरगाळायला लावा. कान टवकारले की लगेच पाच-सहा फोटो घ्या. ती नजर फार वेळ टिकत नाही.

मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. ती त्याची ओळख आहे, म्हणून एक फोटो समोरून, किंचित बाजूनं, फक्त डोक्याचा घ्याच. पंचकल्याणी असेल तर चारही पांढरे पाय आणि कपाळावरचा पट्टा चौकटीत आला पाहिजे, नाहीतर मालकाच्या लेखी तो फोटो अर्धाच.

रंगाप्रमाणे उजेड बदला. पांढऱ्या नुकऱ्या घोड्यानं चौकट भरली की कॅमेरा त्याला करडा करून टाकतो, तेव्हा उजेड एक पायरी वाढवा. काळा घोडा, म्हैस किंवा काळीभोर उस्मानाबादी शेळी असेल तर उलट, एक पायरी कमी करा. मोबाइलवर जनावराच्या अंगावर बोट टेकवून ते वर-खाली सरकवलं की हेच होतं. काळ्या जनावराला सकाळचं तिरपं ऊन बरं, त्यात कातडीची तुकतुकी दिसते. पांढऱ्याला ढगाळ हवा मानवते.

पाचवी पायरी: पळता घोडा

भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीच्या वर असतात, हे १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून दाखवलं. जुन्या चित्रांत पाय पुढं-मागं ताणलेले असत. प्रत्यक्षात ते अधांतरी असताना पोटाखाली गोळा झालेले असतात. हा क्षण हवा असेल तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि सलग फोटो घेत राहा. दुडक्या चालीत एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, असे तिरपे पाय जोडीनं उचलतात. पुढचा पाय पूर्ण लांबला की फोटो खुलतो.

वेगच दाखवायचा असेल तर उलट करा. शटर १/३० ते १/६० वर आणा, पाय रोवून कमरेतून वळत घोड्याबरोबर कॅमेरा फिरवा आणि बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. डोकं स्पष्ट आलं आणि मागची गर्दी पुसली गेली तर तो फोटो जमला. बरेच फसतात. सराव गावातल्या मोटारसायकलवर करावा. घोडा पळवतात त्या पट्ट्यात मात्र कधीही उतरू नका.

पावसाळा: औत आणि पोळा

पेरणीचे फोटो बांधावरूनच काढायचे. नुकत्याच पेरलेल्या रानात पाय टाकला तर शेतकऱ्याचं बी तुडवलं जातं, आणि त्याला पुन्हा तोंड दाखवायची सोय राहत नाही. ओल्या काळ्या मातीवर पांढरे बैल असले की कॅमेरा मातीच्या मानानं उजेड वाढवतो आणि बैल पांढरेफटक उडतात. अशा वेळी उजेड थोडा कमी करा. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरणाऱ्या बाईचा हात, तिफणीचे फण, बैलांचे भरलेले खूर, असे जवळून काढलेले फोटो लांबच्या दृश्याइतकेच मोलाचे असतात.

पोळ्याला बहुतेक जण वेशीतली मिरवणूक टिपतात. तुम्ही आदल्या संध्याकाळी जा. खांदेमळणीत वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” म्हणून बैलाला निमंत्रण देतात. त्या वेळचा मालकाचा चेहरा गर्दीत मिळत नाही. गोठ्यात उजेड कमी असतो, दाराच्या बाजूला उभं राहून आत येणाऱ्या उजेडावर भागवा. दुसऱ्या दिवशी झुली आणि बाशिंगं टिपताना जातीही दिसू द्या. लाल कंधारीचा अखंड गडद लाल रंग, देवणी जातीतल्या वानेऱ्याचं पांढऱ्या अंगावरचं काळं तोंड, त्यातल्याच शेवेऱ्याचे काळे-पांढरे ठिपके ही या मातीची ओळख आहे. हलगी वाजायला लागली की बैल बुजतात, तेव्हा लांबूनच काढा.

हिवाळा: माळेगाव आणि येळवस

हा सगळ्यात भरलेला काळ, आणि उजेडही तुमच्या बाजूचा. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, म्हणून दिवसभर फोटो काढता येतात.

लोहा तालुक्यातलं माळेगाव नांदेड–लातूर रस्त्यावर आहे. घोड्यांबरोबर गाढवं आणि उंटही येतात. सूर्य उगवण्याआधी पोचा. चुलींचा धूर खाली रेंगाळत असतो, त्यातून ऊन आलं की घोड्यांच्या पाठी कडेनं उजळतात. सूर्य घोड्याच्या मागं ठेवून काढा. मग व्यवहाराकडे वळा. दात बघणारा गिऱ्हाईक, अंगावरचे केसांचे भोवरे तपासणारी बोटं, रुमालाखाली हातात हात घालून भाव ठरवणारे हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. जनावराइतकीच या माणसांची गोष्ट आहे. सौदा चालू असताना मध्ये बोलू नका आणि रकमेच्या नोटा चौकटीत घेऊ नका.

देवस्वारीच्या, म्हणजे खंडोबाच्या पालखीच्या, वेळी बेलभंडारा उधळला जातो. पिवळा भंडारा उन्हाविरुद्ध अप्रतिम येतो, पण ती बारीक पूड कॅमेऱ्यात शिरते. तिथे लेन्स बदलायची नाही, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची. वाघ्या-मुरळींचे फोटो त्यांना विचारूनच काढावेत.

येळवशीला लातूर-धाराशिवकडं अख्खं घर शिवारात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, भज्जी नावाची मिसळ भाजी आणि आंबील. कुणी ना कुणी जेवायला बोलावतंच. आधी बसून जेवा. कॅमेरा बाजूला ठेवून आंबील प्यायलेल्या पाहुण्यासमोर लोक मोकळे होतात. कोपीच्या आतून दाराबाहेरचं रान चौकटीत घेतलं तर दोन्ही एका फोटोत येतात.

उन्हाळा

मेच्या मध्यावर सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. सकाळी नऊनंतर मोकळ्या रानात चेहऱ्यावर फक्त काळे डाग पडतात. कडुनिंबाखाली बसलेली गुरं, हौदावर आलेल्या म्हशी, संध्याकाळी धूळ उडवत परतणारी मेंढरं, एवढंच काढा. हौदावर पाण्याच्या पातळीजवळ कॅमेरा नेला की तोंडाचं प्रतिबिंबही मिळतं. मराठवाडी म्हशीची मागं खांद्यापर्यंत गेलेली लांब शिंगं बाजूनं दाखवा.

दुष्काळाचे फोटो जपून काढा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी चारा छावणीत हाडं दिसणारं जनावर सहज मिळतं. तेवढंच दाखवलं तर त्याला वैरण घालायला पहाटे उठणारी बाई चौकटीबाहेर राहते. तिला विचारा, “मावशी, तुमचा गायीसोबत काढू का?” ती नको म्हणाली तर नको. ऊसतोडीच्या अड्ड्यावरही हाच नियम, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या. फाइलच्या नावात मराठी महिना, गाव आणि जनावर लिहा: “मार्गशीर्ष, माळेगाव, कुमेद (तांबूस) घोडी”. मालकानं सांगितलेली चाल आणि वय त्याच रात्री टिपून ठेवा. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. आणि ज्यांचा फोटो काढला त्यांना चार बाय सहाची छापील प्रत द्या. पुढच्या पोळ्याला त्याच दारात जाल तेव्हा नवं वासरू कुठं बांधलंय, हे ते स्वतःच दाखवतील.