फवारणीचे कपडे उंबऱ्याबाहेर
हिंगणा, काटोलकडच्या शेतात कपाशीवर फवारणी करून नागपूरला घरी परतलेल्या माणसाच्या कपड्यांवरून औषध घरात येते आणि फरशीवर रांगणारे, हाती लागेल ते तोंडात घालणारे बाळ त्याच्या संपर्कात येते. क्लोरपायरीफॉससारखी कीटकनाशके वाढत्या मेंदूला अपायकारक असतात. यावर आम्ही फाटकाजवळ झाकणाची एक जुनी बादली ठेवली आहे, आणि ती इतर कशालाही वापरली जाऊ नये म्हणून तिच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला आहे.

१. चपला बाहेरच काढाव्यात आणि कपडे न झटकता थेट बादलीत टाकून झाकण लावावे.

२. डोक्यावरून अंघोळ झाल्याशिवाय बाळाला उचलून घेऊ नये. (बाळाने उचलून घ्यायला हात पसरले की हेच सर्वांत कठीण जाते.)

३. कपडे त्याच दिवशी हातमोजे घालून, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात भरपूर डिटर्जंट टाकून धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. मशीन वापरल्यास ते नंतर एकदा रिकामे चालवावे. गरोदर स्त्रीने हे काम करू नये.

पाणी न मिसळलेले मूळ औषध कपड्यावर सांडले असेल, तर तो कपडा धुण्याच्या भानगडीत न पडता टाकूनच द्यावा.