ब्रिटनमध्ये बेटिंगची दारं स्वतःवर बंद करून घ्यायची ती अशी

२०२२ साली एका रविवारी माझा धाकटा भाऊ रेडिंगला आमच्या स्वयंपाकघरात बसून रडला. पगार होऊन अकरा दिवस झाले होते आणि खात्यात चार पौंड उरले होते. "ताई, आईला सांगू नकोस," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी जे जे केलं ते इथे क्रमाने लिहिते. तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली असेल तर सगळं एकाच बैठकीत उरका. एखादं दार उद्यावर ठेवलं की रात्री माणूस त्याच दाराने जातो.

आमच्या आजोबांच्या काळी मटक्याचा आकडा दबक्या आवाजात लावला जायचा. इथे १ मे १९६१ पासून बेटिंगची दुकानं उघडपणे चालतात. सुरुवातीचं धोरण असं होतं की लोक खेळणारच, तर खेळू द्या, पण कुणाला भरीला घालू नका. म्हणून दुकानात बाहेरून काही दिसायचं नाही, आत चहासुद्धा मिळायचा नाही. २००५चा कायदा २००७मध्ये पूर्ण लागू झाला आणि टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. माझा भाऊ फुटबॉल बघता बघता त्याच जाहिरातींमधून आत शिरला. पण याच कायद्याने गॅम्बलिंग कमिशन, म्हणजे जुगारावर देखरेख करणारी सरकारी संस्थाही आणली. नोव्हेंबर २०१४ पासून कंपनीचं ऑफिस जिब्राल्टरला असो की माल्टाला, इथल्या गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे तर कमिशनचं लायसन लागतं. खाली सांगितलेली बरीच कुलपं, म्हणजे खेळणं अडवायच्या सोयी, याच लायसनच्या जोरावर चालतात.

पहिलं काम बँकेचं. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायची सोय असते. सापडली नाही तर फोन करून मागा. बंद करायला क्षण लागतो, पुन्हा उघडायचं म्हटलं तर बऱ्याच बँका दोनतीन दिवस थांबवतात, आणि ते थांबणं फार मोलाचं आहे. भावाची तीन खाती होती, त्यांतलं एक मला ठाऊकच नव्हतं. सगळी कार्डं टेबलावर मांडायला लावा. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला १४ एप्रिल २०२० पासून बंदीच आहे, त्यामुळे डेबिट कार्ड आणि ऑनलाइन वॉलेट बघा. बँकेतून थेट ट्रान्सफर केली तर हे कुलूप लागेलच असं नाही, म्हणून काही महिने पगार घरातल्या दुसऱ्या कुणाकडे वळवता आला तर वळवा. भावाला ते फार लागलं, पण तो तयार झाला.

मग गॅमस्टॉप, म्हणजे ऑनलाइन जुगारातून स्वतःला बाहेर ठेवायची नोंदणी. ३१ मार्च २०२० पासून लायसन असलेल्या प्रत्येक ऑनलाइन कंपनीला यात सामील व्हावंच लागतं. एकदा फुकट नोंद केली की सगळ्यांकडची खाती बंद होतात. आपल्या लोकांची गफलत नेमकी इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगते. कंपन्या तुम्हाला नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल यांवरून ओळखतात. आपल्या पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव असतं. एका साइटवर ते घातलेलं, दुसरीवर गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं. शिवाय आपण घरं किती बदलतो! भाऊ चार वर्षांत पाच ठिकाणी खोली घेऊन राहिला होता आणि प्रत्येक पत्त्यावर एखादं खातं उघडलेलं होतं. आम्ही जुने ईमेल शोधून सगळे पोस्टकोड, सगळे ईमेल आणि दोन्ही मोबाइल नंबर भरले. यालाच दीड तास गेला. हा दीड तास वाचवू नका.

मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं अशी निवडता येते, आणि मधेच रद्द करता येत नाही. भाऊ सहा महिने म्हणत होता, मी पाच वर्षांवर अडून बसले. तुम्हीही अडून बसा. मुदत संपली तरी खाती आपोआप उघडत नाहीत, स्वतःहून मागावं लागतं. नोंद लागू व्हायला चोवीस तासांपर्यंत लागतात. त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका. "साइटवर साठ पौंड अडकलेत, ते काढून मग नोंद करतो," असं तो म्हणेल. ऐकू नका. खात्यातली शिल्लक नंतर कंपनीकडून मागून घेता येते.

गॅमस्टॉप लायसन असलेल्यांनाच बांधतं. "गॅमस्टॉपवर नाही" अशी जाहिरात करणाऱ्या साइट्स बेकायदा असतात आणि नुकत्याच नोंद केलेल्या माणसाच्या मागे लागतात. त्यासाठी फोनवर आणि लॅपटॉपवर गॅमबॅन घाला, हे जुगाराच्या साइट्स अडवणारं अॅप आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३ दिवसरात्र चालू असते, फोन फुकट. तिथे विचारल्यावर आम्हाला गॅमबॅनही फुकट मिळालं. रस्त्यावरच्या दुकानांसाठी वेगळी नोंद असते: फोटो द्यायचा आणि घराजवळची, कामाजवळची दुकानं सांगायची.

एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर, म्हणजे चक्र फिरवायच्या जुगारावर, एका डावाला जास्तीत जास्त ५ पौंडांची मर्यादा आहे, १८ ते २४ वयाच्यांना मे महिन्यापासून २. तेवढ्यावर विसंबू नका. एका डावाला अडीच सेकंद धरली तर मिनिटाला चोवीस डाव, म्हणजे १२० पौंड.

यातलं काहीच मनाचा इलाज करत नाही. एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, जुगारासाठी वेगळे दवाखाने आहेत. भाऊ तिथे जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय गेला. इथल्या मराठी मंडळात कुणाला कळेल ही भीती त्याला होती. कुणालाही कळलं नाही.

भारतात ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी बेकायदा अॅपची लिंक कुणीही पाठवू शकतं, आणि तिथे गॅमस्टॉप कामाचं नाही. दिवाळीला कराडला निघायच्या आदल्या दिवशी भाऊ मी न मागता फोन माझ्या हातात देतो. गॅमबॅन चालू आहे ना ते मी बघते आणि परत देते.